कोपऱ्यापर्यंत

अपघातानंतर तो पहिल्यांदाच मोटरसायकलवर बसणार होता, तेही बायकोच्या मागे. पुढच्या आठवड्यातल्या लांबच्या प्रवासासाठी तिने मऊ सीट आणि पाठीला टेकू बसवून घेतला होता. तो मात्र सकाळपासून खुसपटं काढत होता. टेकू टोचतो म्हणे, पाय अवघडतात म्हणे.

"सीटचं राहू दे," ती म्हणाली. "भीती वाटतेय ना?"

"हातापायांतलं बळच गेलंय गं."

"मग आज कोपऱ्यापर्यंतच जाऊ."

गाडी सुरू होताच डोळे गच्च मिटून त्याने तिचं जाकीट धरलं.

कोपऱ्यावर तिने विचारलं, "वळवू?"

"जरा पुढे घे," तो म्हणाला, पण जाकीट काही सोडलं नाही.