दिव्यातली हडळ

तुमचा विश्वास बसणार नाही, पैजेवर सांगतो. माझ्या बोलण्यावर पनवेलात आजवर कुणाचा बसलेला नाही. पण ही माझी बायको वेणू समोर सुक्या कोलंबीचे सोडे निवडत बसलीय, तिच्यादेखत सांगतोय, म्हणजे खरंच असणार.

खाडीकडच्या आमच्या आळीत विजेचा दिवा पहिल्यांदा लागला तो आमच्या घरात, अठ्ठावन्न साली. त्याच वर्षी माघात वेणू नेऱ्याहून सून म्हणून आली. आणि फाल्गुन लागला तसं दिव्याचं बिनसलं. संध्याकाळी बटण दाबावं तर लागायचा, थरथरायचा, विझायचा, पुन्हा भडकायचा. आमच्या कोंबड्याला दर मिनिटाला पहाट वाटायची. एका संध्याकाळी त्यानं सतरा वेळा बांग दिली, मी मोजली. हसू नका. भिंतीवर माणसांच्या सावल्या उड्या मारत. आईचं तोंड दिसे, नाहीसं होई, पुन्हा दिसे तेव्हा ते वेणूकडे वळलेलं असे. आळीतली माणसं आमच्या दारावरून जाताना पावलं उचलून जात. मी मात्र भ्यायलो नव्हतो. दात वाजत होते ते थंडीनं, फाल्गुनातल्या.

आईनं, म्हणजे गोदूबाईनं, काळूराम भगताला बोलावलं. हा गडी पूर्वी मचव्यावर खलाशी होता, मग अंगात आलं तसा भगत झाला. ओटीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. काळूरामनं निखाऱ्यांवर धूप टाकला, डोळे मिटले, म्हणजे एक मिटला.

"हडळ हाय, गोदूबाय. तारेतनं आलीय. लांबची हाय, तिला आपली बोली समजत नाय, म्हनून मंतर दोनदा म्हनावा लागतो."

पाऊण तास तो पुटपुटत राहिला. मग एकदम "पल हितनं!" म्हणून नारळ आपटला, आणि दिवा स्थिर झाला. लोकांनी हात जोडले. दुसऱ्या संध्याकाळी हडळ परत हजर. काळूरामही हजर. पुन्हा धूप, पुन्हा नारळ, पुन्हा दिवा शांत. तिसऱ्या दिवशी त्याला काहीतरी सांगणं भागच होतं.

"घर साफ हाय," तो म्हणाला. "तुमची सूनच तिला घेऊन येते. आज मी हडळ दिव्यातनं काढतो नि पोरीत कोंडतो. मग पोरीला बैलगाडीत घाला, नेऱ्याला सोडा."

"परत कवा यायचं?" वेणूनं विचारलं.

"कवाच नाय."

हडळ म्हणून परत आलेल्या पोरीला नेऱ्यात कुणी विहिरीवर उभं केलं नसतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी धुराची रेघ आधी तिरकी गेली, मग सरळ छपराकडे चढली. नारळ फुटला. दिवा थांबला. बायकांनी वेणूला दंडाला धरून गाडीत बसवलं. ती रडली नाही. गाडीची दांडी तिनं अशी धरली होती की बोटं पांढरी पडली होती.

एवढ्यात शेजारी बिऱ्हाडाला राहणाऱ्या दमयंतीबाई मास्तरीण पुढं आल्या. हातात वाळका बांबू.

"काळूराम, हडळ आता कुठं आहे?"

"पोरीत."

"दिव्यात काही उरलं नाही ना?"

"देवाची आन, नाय."

"पोरगी तर गाडीत आहे. कुणी जवळ येऊ नका." बाईंनी बांबूच्या टोकानं वळचणीला आलेली तार हलकेच हलवली. घरातला दिवा लुकलुकला. बांबू थांबला, दिवा थांबला. पुन्हा हलवली, पुन्हा लुकलुकला. एक बाई किंचाळून मागच्या मागे बसली.

"तारेचा सांधा ढिला झालाय," दमयंतीबाई म्हणाल्या. "खाऱ्या हवेनं गंजला असणार. वारा सुटला की तार हलते, सांधा सुटतो, जुळतो. माझ्या दोरीवरचं लुगडं फडफडलं की तुमचा दिवा फडफडतो, तीन दिवस बघतेय. दिवेलागणीनंतर खाडीवरचा वारा पडतो, हे खलाशाला माहीत नसेल? धूर सरळ चढेपर्यंत हा मंत्र लांबवतो आणि मग नारळ फोडतो. अहो, तुम्ही मिठागरावरची माणसं. वाऱ्यानं पाणी आटतं तेव्हा मीठ पिकतं, वाऱ्यावर तुमचं पोट, आणि घरात शिरताना तेवढा वाराच विसरलात?"

"बाय, तुमी मंतर उलटा केलाव," असं म्हणून काळूराम गर्दीतून वाट काढू लागला. निखारे तिथंच राहिले.

दुसऱ्या दिवशी वायरमननं मेन बंद करून सांधा उघडला. तांब्यावर हिरवट कीट चढलं होतं. खरवडलं, तार आवळली. दिवा पुन्हा लुकलुकला नाही.

म्हणून सांगतो, भीती वाटली तर वाटू द्या. पण भगताला हाक मारण्याआधी तपासा: हे कधी होतं, कधी थांबतं, आणि त्या वेळी बाहेर काय चाललेलं असतं. ते कळल्याशिवाय कुणाच्या लेकीला गाडीत बसवू नका. मी तर बाईंनी दिवा दाखवला त्याच क्षणी बैलांच्या पुढ्यात उडी घेतली, वेणूला हात देऊन खाली उतरवलं आणि आईला ठणकावलं, "ही हितनं हलणार नाय." सगळी आळी माझ्याकडे बघत राहिली.

वेणूचा हात सोड्यांच्या सुपात थांबला.

"खोटं," ती म्हणाली. "बैलांच्या म्होरं कुटलं? कासरे तुमच्याच हातात व्हते. बाईंनी दिवा दावला तरी तुमी गाडी हाकतच व्हता. चालत्या गाडीतनं उडी मारली ती मी."