दोनदा छापलेला निरोप

केल्योनच्या मच्छीमार संघाच्या कचेरीत सकाळी कागदावर ओळ उमटली: ‘लुसेरो बोट. सगळं ठीक.’ ओर्फेलिना मटकन खाली बसली आणि रडता रडता हसायला लागली. रात्रभर वादळानं समुद्र घुसळून काढला होता, आणि तिचा नवरा एलादिओ त्यातच कुठेतरी होता.

“मेला बोलायलासुद्धा कंजूस! रोज तेच दोन शब्द,” ती म्हणाली. “पण आहे!”

झालं, वादळात अडकलेल्या एलादिओला आणायला गावातल्या बोटी खवळलेल्या पाण्यात निघाल्यासुद्धा. आशा असली की माणसाला लाटा बुटक्या दिसतात.

तिचा धाकटा भाऊ निवाल्दो मात्र कागदाकडे बघत राहिला. बोटींचे निरोप छापणारा प्रोग्राम त्यानंच सी भाषेत लिहून नुकताच बसवला होता. हीच ओळ काल संध्याकाळीही छापली होती. त्यानं रेडिओ तपासला. सकाळी कुणाचाच निरोप आलेला नव्हता. मग त्याच्या लक्षात आलं.

प्रोग्राम छापायचं ते लगेच छापत नाही, घासासारखं तोंडात धरून ठेवतो. घरी पडद्यावर ओळ संपली की दिसायची, म्हणून निवाल्दोला हे कधी जाणवलंच नाही. प्रिंटरशी जोडल्यावर तो घास साठून राहू लागला. काल संध्याकाळी निरोप असा तोंडात असतानाच प्रोग्रामनं हवामान आणायला एक पोर काढलं, म्हणजे स्वतःचीच दुसरी प्रत. असं पोर आईच्या तोंडातल्या घासासकट जन्मतं. पोर काम उरकून मेलं, मरताना निरोप छापून गेलं. आईच्या तोंडातला मात्र तसाच राहिला. सकाळी निवाल्दोनं प्रोग्राम बंद केला तेव्हा तोही बाहेर पडला, आणि प्रिंटरनं त्यावर सकाळची वेळ घातली. पोर काढण्याआधी तोंड रिकामं करायचं, एवढी एक ओळ तो लिहायला विसरला होता.

“ताई, हा निरोप कालचाच आहे.”

“वेळ आजची आहे की! आंधळा झालास?”

“वेळ छापल्याची आहे. एलादिओनं एकदाच पाठवला. माझ्या प्रोग्रामनं दोनदा छापला.”

“म्हणजे वादळाच्या आधी?”

“आधी.”

तिनं त्याची गचांडी धरली. “मग गप्प बसायचं होतंस ना रे! आजचा दिवस तरी!”

“बोटी गेल्यात, ताई. तिकडेही कुणाकुणाचे नवरे आहेत.”

तिची पकड सुटली. निवाल्दोनं रेडिओचा माइक उचलला. तिनं तो त्याच्या हातून काढून घेतला.

“मागे फिरा रे सगळे.”

“का गं वहिनी?” पलीकडून कुणीतरी ओरडलं. “परत बोलला का तो?”

तिनं माइक पुन्हा दाबला.

“नाही बोलला,” ती म्हणाली. “तुम्ही या घरी.”