झेड कधी लावायचा

सुर्ल्याच्या खाणीवर वजनकाट्याला संगणक आला, तेव्हा पहिलं भांडण पेटलं ते एका शब्दावरून. ट्रकचं वजन साठवून झालं की पडद्यावर ‘झालं’ यावं की ‘जालें’? गोव्याला राज्याचा दर्जा नुकताच मिळालेला, कोंकणी राजभाषा झालेली, मराठीवाले फुगलेले. कचेरीत चहासुद्धा दोन टेबलांवर पिऊ लागले. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या सेजलने तोडगा काढला. यंत्राला देवनागरी येतच नव्हती. तिने नुसता इंग्रजी झेड ठेवला; रोमनमध्ये दोन्ही शब्दांचं पहिलं अक्षर तेच. दोन्ही पक्ष जिंकून घरी गेले.

फ्लॉपीचं लाल धुळीने केव्हाच वाटोळं केलं होतं, म्हणून बॅटरीवरची मेमरी आणली. लाइट गेली तरी न विसरणारी. पण परवा ऐन वजनात लाइट गेली, आणि परत आल्यावर यंत्राने भरल्या ट्रकचं वजन बोकडाइतकं दाखवलं. पुढे ठसठशीत झेड.

“सोमवारी मेन स्विच मीच ओढतलों,” मॅनेजर गोकुळदासबाब म्हणाले. “परत बोकड निघालो, तर यंत्र खोक्यात आणि तू टायपरायटरवर.”

“सगळं दोनदा लिहून ठेवते, बाब.”

“आनी दोनदा लिहीपर्यंत ट्रकांची रांग दिवचल गांवापर्यंत? ड्रायव्हर माका जितो पुरतले गो!”

रविवारी सेजल घरी डोकं धरून बसली होती.

“आई, पेज जाली?”

“जाली, जाली!”

ती ताट घेऊन आत गेली, तर तांदूळ अजून सुपात.

“ही जाली?”

“आता जातली न्हय? आधी सांगून ठेवलें!”

सेजल हसली, आणि मधेच थांबली. तिच्या प्रोग्रॅमला वळण घरचंच लागलं होतं. झेड आधी, वजन मागाहून. दोनदा लिहायची गरजच नव्हती. वजन मेमरीत पुरतं बसलं की मग, सगळ्यांत शेवटी, झेड. झेड नाही तर वजन खोटं. शब्दावरून एवढे भांडलो, तो म्हणायचा कधी, हे कुणी विचारलंच नव्हतं.

सोमवारी ट्रकामागून ट्रक, गोकुळदासबाब स्विच ओढतायत, लावतायत. शेवटी एकदाचं बरोबर वजनाच्या मधोमध साधलं. पडदा उजळला. आधीची वजनं जागच्या जागी. या ट्रकापुढे झेड नाही. रोमन अक्षरांत एवढंच: ‘अजून ना’.

“सरळ तोंडावर सांगता?” गोकुळदासबाबांनी चष्मा पुसला. “हें यंत्र गोंयचें न्हय गो! पूण ऱ्हांव दी.”

सेजलने टायपरायटरवर खोळ घातली.

“जालें?” काट्यावरच्या त्याच ट्रकातून ड्रायव्हर ओरडला.

“जालें, जालें!” खिडकीतून गोकुळदासबाब.

ट्रक निघाला. सेजल चप्पल न घालताच त्याच्यामागे धावली.