४१७ नंबरची डबी

वेंडेल ह्रुस्काच्या कपाटात युद्धातल्या जपानी अधिकाऱ्यांची पिस्तुलं ओळीनं निजलेली असत. त्यांतलं सगळ्यांत चिमुकलं, तळहातावर मावणारं नांबू जातीचं पिस्तूल त्याचं लाडकं. पण लाडक्यात एक उणीव होती. पिस्तुलाच्या मुठीत गोळ्यांची डबी सरकवतात आणि तिच्या बुडावर त्याच पिस्तुलाच्या नंबराचे शेवटचे तीन आकडे ठोकलेले असतात. वेंडेलचं पिस्तूल ४१७ चं आणि डबी भलत्याच कुणाची. संग्राहकांच्या जगात हे म्हणजे लग्नाच्या मांडवात दुसऱ्याची नवरी.

खरी नवरी कुठे आहे, हे सगळ्या नेब्रास्काला ठाऊक होतं. ती ऑरिन बेकस्ट्रँड या दुसऱ्या संग्राहकाच्या पिस्तुलात बसली होती.

"डबी दे," वेंडेल दर प्रदर्शनात म्हणायचा.

"पिस्तूल दे," ऑरिन म्हणायचा. "नवरी माझ्या घरी आहे, नवरदेवानं यावं."

"बटणासाठी कुणी कोट देतं का रे?"

"मग थांब. मी मेलो की घे."

"आणि मीच आधी गेलो तर?"

"तर तुझ्या बायकोकडून, लाव्हॉनकडून, पिस्तूल घेईन. वर तिच्या हातचे गोड कोलाचे पावही खाईन."

असं वर्षानुवर्षं चाललं. ना हा हटला, ना तो. आणि या शरद ऋतूत ऑरिनच पुढे निघून गेला. दफनानंतर त्याच्या बायकोचा, बर्नडीनचा, फोन आला. "ऑरिन जाताना सांगून गेलाय, ती डबी वेंडेललाच दे. रविवारी चर्च सुटलं की या दोघं."

पिस्तूल मऊ फडक्यात गुंडाळून वेंडेल लाव्हॉनला घेऊन गेला.

बर्नडीननं कॉफी ओतली, ॲपल-पाय कापला, मग दागिन्यांची मखमली पेटी पुढे सरकवली. आत डबी चांदीच्या चमच्यासारखी लखलखत होती. वेंडेलनं ती उलटी केली. बूड आरशासारखं. त्यात त्याचं स्वतःचं नाक दिसलं, आकडा दिसला नाही.

"हे... हे कुणी केलं?"

"मी!" बर्नडीन खुलून म्हणाली. "जावयाच्या पॉलिशच्या चाकावर. किती काळपट झाली होती रे! ऑरिनची शेवटची भेट, ती का मळकी द्यायची? जन्मभर त्यानं मला त्याच्या पिस्तुलांच्या कपाटाला बोट लावू दिलं नाही. म्हटलं, एकदा तरी माझ्या हातचं काही असू दे."

जुन्या वस्तूवर तेलाच्या फडक्यापलीकडे काही फिरवायचं नाही, हा संग्राहकांचा पहिला धर्म. ऑरिननं बायकोला हात लावू दिला नाही, आणि का लावायचा नाही हेही कधी सांगितलं नाही. आता रागवायचं कुणावर? सुदाम्याच्या पोह्यांत खडा लागला म्हणून काय सुदाम्यासमोर थुंकायचं?

वेंडेलनं डबी मुठीत सरकवली. खट्‌कन बसली.

"जुळली?" बर्नडीननं हात जोडून विचारलं.

"बसली बघ मस्त," तो म्हणाला. बसतात कुठल्याही, हे तो बोलला नाही.

गाडीत मात्र त्यानं स्टिअरिंगवर मूठ हाणली. "मेल्यावर दिली, आणि दिलीच नाही! असा माणूस पाहिलास कुठे?"

"एवढा काय चिडतोस?" लाव्हॉन म्हणाली. "गराजमध्ये तुझे आकड्यांचे ठसे आहेत. ठोक ४१७. खोटं थोडंच आहे?"

"नवा ठोकलेला आकडा ऑरिन चालत्या गाडीतून ओळखायचा."

"ऑरिन आता कुठाय?"

"वर. आणि तिथून जास्तच चांगलं दिसत असणार!"

पुढच्या प्रदर्शनात पिस्तुलासमोरच्या चिठ्ठीवर वेंडेलनं दात ओठ खात लिहिलं: 'डबीवर नंबर नाही.' जवळ ऑरिनची जागा रिकामीच होती. ओमाहा शहरातून आलेला एक जण वाकून पाहू लागला आणि फिस्सकन हसला.

"चांगली वस्तू नासवलीन की! कुठल्या गाढवानं घासली ही?"

वेंडेल मान वर न करता गुरगुरला, "तोंड सांभाळ. घरच्या माणसानं घासलीय."