दिसतंय, दिसतंय

चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या सूनबाईंनी लिहिलेली सगळी गाणी विरहाची होती. घरात नवरा, सासरे आणि एक खोडकर मांजर असं भरलं गोकुळ असताना हा विरह येतो कुठून, हे नवऱ्याला कधीच कळलं नाही. पण तो बिचारा गिटार उचलून तिच्यासोबत सगळीकडे जायचा.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर महिन्यातून एकदा लोकगीतांची बैठक भरायची. तिथे तिला पहिल्यांदा बोलावणं आलं, तेव्हा ती चार गाणी नीट बसवून गेली. प्रत्येक गाण्याआधी तिने ते कसं सुचलं हे सविस्तर सांगितलं. मग डोळे कागदावर खिळवून गायली. टाळ्या पडल्या, पण पाहुण्यांनी बेचव चहाला चांगलं म्हणावं तशा. पुढच्या रांगेतल्या सासऱ्यांना तर मस्त डुलकी लागली.

बैठक चालवणारे निवृत्त पोस्टमास्तर तिला जिन्यापाशी गाठून म्हणाले, "गाणी चांगली आहेत. पण इथली माणसं नुसती ऐकायला येत नाहीत, गायला येतात. त्यांना एखादी ओळ द्या. आणि बोलणं जरा आवरतं घ्या, गोष्ट गाण्यातच आहे की."

तिला ते चांगलंच झोंबलं. घरी येईपर्यंत ती नवऱ्यापाशी धुसफुसत राहिली. आपण काय शाळेतली कवायत घ्यायची का, असं तिचं म्हणणं. सासऱ्यांनी पायातले बूट काढता काढता शांतपणे सांगितलं, "अगं, मी दोनदा तोंड उघडलं होतं. पण शिरायला जागाच मिळाली नाही. मग झोपलो."

ती हसली नाही, पण ते वाक्य डोक्यात राहिलं.

पुढच्या आठवड्यात दुकानात एक आजोबा नंबर तपासायला आले. ती भिंगं बदलत विचारत होती, "आता दिसतंय का?" आजोबा प्रत्येक वेळी ठामपणे "दिसतंय, दिसतंय" म्हणायचे आणि अक्षरं साफ चुकीची वाचायचे. शेवटी बरोबरच्या आजींनी त्यांचा हात धरून सांगितलं, की यांना लग्नाच्या वेळेपासून सगळं दिसतंय, म्हणून तर माझी ही गत झाली. दुकानभर हशा पिकला. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून तिने गाणं लिहून काढलं.

दुसऱ्या बैठकीला ती उभी राहून गायली. समोर कागद नव्हता. "मी विचारीन, आता दिसतंय का. तुम्ही खरं-खोटं काही बघू नका, दिसतंय म्हणा," एवढंच सांगून तिने सुरुवात केली. पहिल्या वेळी चार-पाच जण पुटपुटले. दुसऱ्या वेळी सासऱ्यांचा भसाडा आवाज सगळ्यांच्या वर निघाला आणि लोकांची भीड चेपली. तिसऱ्या कडव्यापर्यंत मागच्या बायकांनी वरचा सूरही धरला होता.

आणि तिथेच ती चौथं कडवं विसरली. नवऱ्याकडे बघितलं, तर तो तोंडाचा चंबू करून बसलेला, त्यालाही काही आठवेना. पण सभागृह काही थांबायला तयार नव्हतं. तिने घाबरून "आता दिसतंय का?" विचारलं, तर सगळे "दिसतंय, दिसतंय" म्हणून मोकळे. तीन वेळा तसंच झालं, तोवर कडवं आठवलं. ते मुद्दाम केलं असं समजून लोकांनी टेबलं बडवली.

शेवटी तिने तिचं जुनं, सगळ्यांत उदास गाणं घेतलं. या वेळी प्रस्तावना केली नाही, समोरच्या चेहऱ्यांकडे बघत गायली. मघाशी आरडाओरडा करणारी तीच माणसं चिडीचूप बसली. खिडकीजवळच्या एक बाई मात्र खालच्या पट्टीत हलकेच गुणगुणत राहिल्या, अगदी शेवटपर्यंत. हे गाणं आपण एकटीने लिहिलं होतं, हे क्षणभर तिला खरंच वाटेना.

पोस्टमास्तर पुन्हा जिन्यापाशी आले. ती हातात वही-पेन असल्यासारखी सरसावून उभी राहिली.

"काही चुकलं का?"

"गिटारची तिसरी तार उतरलेली होती," ते म्हणाले, "आणि पुढच्या महिन्यात तुम्हाला अर्धा तास जास्त."

सासरे तोवर खाली फाटकापर्यंत पोचले होते आणि रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही विचारत होते, दिसतंय का.