भोक मोठं केलं त्याची गोष्ट

जीप व्हर्नाची होती, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. फक्त तिच्या नवऱ्याला अधूनमधून विसर पडायचा. तिच्या वडिलांनी, म्हणजे ऑर्वलने, डोळे अधू झाल्यावर चावी जावई रॉइसला न देता मुलीच्या हातात ठेवली होती. रॉइसने ते मनातून कधी काढलं नाही. पीचच्या हंगामात, व्हर्नाला धड न विचारता, त्याने उंच स्प्रिंगा घालून ती जीप चार इंच उचलली आणि पस्तीस इंची टायर चढवले. त्याच्या जीपवाल्यांच्या क्लबातल्या सगळ्यांच्या जीप तशाच होत्या. आपली बुटकी जीप घेऊन त्यांच्यामागे खडकांत जायची त्याला लाज वाटायची.

उचललेली जीप दिसायला ऐटबाज झाली, पण स्टिअरिंग गेलं. ते इकडचं तिकडे फिरवावं तेव्हा कुठे जीप विचार करून वळायची. डेल्टा गावाच्या रस्त्यावर एका खड्ड्याला चाक लागलं आणि पुढची दोन्ही चाकं थडथडायला लागली. इकडे त्याला सरळ मरणाची थरथर म्हणतात. व्हर्ना आत एकटी होती. स्टिअरिंग तिच्या हातांना झटके देत होतं, आरसा निखळून मांडीवर पडला आणि समोरून गुरांचा ट्रक येत होता. ती कशीबशी कडेच्या गवतात थांबली. मनगटं सुजली. त्यानंतर ती जीप चालवायला बसेना.

वृद्धाश्रमातल्या नोकरीला जायला तिला रोज कुणाच्या तरी गाडीची वाट बघावी लागायची. पन्नाशी उलटल्यावर, स्वतःची गाडी दारात उभी असताना, लोकांना "उद्या येशील का गं माझ्यासाठी?" म्हणायचं. आणि दारातली ती गाडी बापाची. बापाच्या गाडीची भीती वाटावी, हे तिला सगळ्यात जास्त लागलं.

"नीट कर, नाहीतर होती तशी कर," ती रॉइसला म्हणाली. "मला माझी जीप परत हवी."

"जीपला काही झालेलं नाही. तू स्टिअरिंग बावळटासारखं सैल धरतेस."

तरी त्याने उपाय केले. स्टिअरिंगचे झटके शोषणारा नवा शॉक बसवला. थरथर आठवडाभर दबली आणि पुन्हा आली. मग त्याने एकाच्या जागी दोन शॉक लावले. मग स्टिअरिंगच्या पेटीवरचा स्क्रू इतका आवळला की वळणानंतर स्टिअरिंग परत सरळ यायचं विसरलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा कारभार. क्लबातले उंटावरचे शहाणे रोज संध्याकाळी बिअर घेऊन अंगणात उभे राहायचे आणि प्रत्येक जण वेगळा भाग बदलायला सांगायचा. रॉइस प्रत्येकाचं ऐकायचा. व्हर्ना एकदा म्हणाली, "बाबा म्हणायचे, शॉक हा रोग झाकतो, बरा करत नाही."

"तुझे बाबा कधी पस्तीस इंची टायरवर बसले होते का?" रॉइस म्हणाला आणि सगळे हसले.

हसली नाही ती फक्त व्हर्ना. तिने दुसऱ्या दिवशी परस्पर हार्लनला फोन केला. हार्लन वेल्डिंगचं दुकान चालवायचा आणि क्लबातल्या निम्म्या जीप त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. रॉइस कुरकुरला, पण हार्लनला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्याने जीप हळूहळू हाकत नेली आणि व्हर्ना शेजारी दाराची कडी धरून बसली.

दुकानात क्लबातले दोघे आधीच कॉफी पीत बसले होते. हार्लनने जीप जॅकवर चढवली नाही.

"चाकं जमिनीवरच राहू देत. रॉइस, तू आत बस, इंजिन चालू ठेव आणि स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत राहा. नुसतं थोडं थोडं. व्हर्ना, बॅटरीचा उजेड धरतेस का?"

ती त्याच्या शेजारी पुठ्ठ्यावर आडवी झाली. पुढचा ॲक्सल कडेला सरकू नये म्हणून त्याला चेसिसशी बांधणारा एक आडवा दांडा असतो. रॉइस स्टिअरिंग हलवायचा तसा त्या दांड्याच्या टोकाचा बोल्ट आपल्या भोकातच इकडून तिकडे सरकत होता. भोक गोल नव्हतंच, अंड्यासारखं लांबट झालं होतं. कडेला ड्रिलचे ओरखडे स्पष्ट दिसत होते.

"हे झिजलेलं नाही," हार्लन म्हणाला. "हे कोणी तरी मोठं केलंय."

इंजिन बंद झालं. रॉइस खाली उतरून वाकला.

"बोल्ट बसेना रे. जीप उचलल्यावर ॲक्सल बाजूला सरकला. भोकं जुळतच नव्हती. दुपारभर पहार घालून झटलो. मग म्हटलं, जरासं ड्रिल मारू."

"अरे बाबा, ॲक्सल सरकतोच. तेवढ्यासाठी भोक मोठं करतात का? कोणाला तरी आत बसवून स्टिअरिंग बोटभर फिरवायला सांगायचं. ॲक्सल आपणहून सरकतो, भोक समोर येतं, बोल्ट हातानं आत जातो. पोरंसोरं करतात ते." हार्लन फडक्याला हात पुसत उठला. "त्या दिवशी घरी कोणी नव्हतं का तुझ्या?"

कॉफी पिणारे दोघे बघत होते.

"नाही," रॉइस म्हणाला. "कोणी नव्हतं."

व्हर्ना अजून पुठ्ठ्यावरच होती. ती उठून बसली.

"मी होते," ती म्हणाली. "स्वयंपाकघरात पीचच्या बरण्या भरत होते. खिडकी उघडी होती. तू बोल्टला शिव्या देत होतास, त्या मला ऐकू येत होत्या. मी एकदा विचारलंही, काही मदत हवीय का. तू म्हणालास, आत जा."

हार्लन वेल्डिंगचा मुखवटा शोधायला लागला, तो समोरच खिळ्याला टांगलेला होता. मग त्याने ते भोक भरून काढलं, जाड पट्टी जोडून नवं भोक पाडलं. बोल्ट बसवायच्या वेळी त्याने रॉइसकडे पाहिलंसुद्धा नाही. "व्हर्ना, जरा बस गं आत," म्हणाला. तिने स्टिअरिंग बोटभर फिरवलं आणि बोल्ट आत गेला. पेटीवरचा स्क्रूही त्याने सैल करून दिला.

घरी येताना व्हर्नाने चालवली. डेल्टाच्या रस्त्यावर तोच खड्डा तिने मुद्दाम चाकाखाली घेतला. जीप धपकन आदळली आणि सरळ पुढे गेली. तिला रडू येईल असं वाटलं, पण आला तो संताप, वर्षानुवर्षांचा, आणि तो जीपवरचा नव्हता.

रॉइस शेजारी दाराची कडी धरून बसला होता.

"चारचौघांत ते बोलायची काय गरज होती?" तो म्हणाला.

"कोण बोललं?" व्हर्ना म्हणाली. "कोणी नव्हतं ना."