वळणावरचं लाल निशाण

लग्नाच्या दिवशी आभाळ स्वच्छ राहावं म्हणून ओब्दुलिया आत्याने संत क्लाराला परडीभर अंडी वाहिली होती. गावात सगळेच वाहतात, पण आत्याला कुठे थांबायचं ते कळत नाही. तिने शेजारणीच्या कोंबड्यांनाही सोडलं नाही. त्यामुळे फेब्रुवारीच्या त्या दिवशी मिचोआकानच्या डोंगरावर ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता, आणि नेमकं तिथंच घोडं पेंड खात होतं.

ऊन तापलं की फुलपाखरं उंच झाडांवरून पाणी प्यायला खाली उतरतात, आणि सावली पडली की पुन्हा झाडांवर जातात. चर्चकडे जाणाऱ्या वळणावर ओहोळ रस्त्यावरूनच वाहतो. तिथे आज पाऊल ठेवायला जागा नव्हती. सगळा रस्ता नारंगी झाला होता आणि हळूहळू उघडमीट करत होता. त्याच्या काठावर गाड्या अडवायला लाल निशाण धरून मेलितोन उभा होता. म्हणजे नवरीचा सख्खा बाप.

"मेलितोन, अरे पोरगी तुझीच ना?" वऱ्हाडाच्या गाडीतल्या मागच्या फळीवरून आत्या ओरडली. तिच्या मांडीवर मोलेचं, म्हणजे लग्नाच्या जेवणातल्या मिरचीच्या दाट रश्श्याचं, भलंमोठं मडकं होतं.

"गाडी कोणाची आहे ते फुलपाखरांना कळत नाही, ताई."

कासिल्दा पांढऱ्या झग्यात ड्रायव्हरशेजारी गप्प बसली होती. बाबा आज इथे का उभे आहेत हे तिला पक्कं ठाऊक होतं. चर्चला निघण्याआधी आईबापांनी गुडघे टेकलेल्या नवरानवरीच्या कपाळावर क्रूस काढून आशीर्वाद द्यायचा असतो. आई जाऊन बरीच वर्षं झाली, राहिले बाबा. आणि बाबा सकाळी कुणी उठायच्या आत निशाण घेऊन पसार झाले होते. नवरदेव निकानोर बिचारा नवा सूट घालून आला, वाट बघून बघून पाद्रीबाबांना धरून ठेवायला खाली निघून गेला.

राग जुना होता. निकानोरने एकदा अवोकाडोंनी भरलेली गाडी याच वळणावरून भरधाव नेली होती. समोरची काच पंखांनी भरून गेली होती. मेलितोनने त्याला खाली उतरवून एकेक पंख वेचायला लावला, आणि तेव्हापासून त्याचं नाव तोंडातून काढलं नाही. 'तो काचवाला' म्हणायचा. लेक हट्टाला पेटली म्हणून लग्नाला हो म्हणाला, एवढंच.

"आत्या, आता ढग मागा!" मागून वाजंत्र्यांतला ट्रम्पेटवाला म्हणाला.

आत्याने मडकं सावरत हात जोडले. "क्लारामाई, अर्धी अंडी तू ठेव, अर्ध्यांच्या बदल्यात एक ढग दे. छोटासा चालेल."

गाडीभर हशा पिकला. कासिल्दाही हसली. पण तिला ढग नको होता. बाबांची दोन बोटं कपाळाला लागायला हवी होती.

तेवढ्यात खालून एक माणूस येताना दिसला. काळा सूट, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट गळ्यात अडकवलेले. अंगणात वाळत घातलेल्या मक्यातून वाट काढावी तसा तो एकेक पाऊल बघून टाकत होता.

"गाडी कुठंय?" मेलितोनने विचारलं. इतक्या वर्षांत तो त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होता.

"खालच्या पुलाच्या पलीकडे ठेवली. अलीकडे फुलपाखरं बसलीत."

"आणि बूट?"

"बुटाला खाली काय आहे ते कळत नाही. पायाला कळतं."

मेलितोनने त्याच्या पायांकडे पाहिलं. मोजे चिखलाने माखले होते आणि एकातून अंगठा बाहेर आला होता.

"कासिल्दाला न्यायला आलोय," निकानोर म्हणाला. "पाद्रीबाबांना शहरात दुसरं लग्न लावायचंय. चालतच जातो आम्ही."

आणि आला की ढग! रुमालाएवढाच, पण बरोब्बर सूर्यावर. सावली पडली आणि अख्खा रस्ता उठला. वाळकी पानं चाळवल्यासारखा आवाज झाला आणि नारंगी लाट सगळ्यांच्या डोक्यांवरून झाडांकडे गेली. या गावात त्या वेळी कुणीच बोलत नाही. कासिल्दा लहानपणापासून हे बघत आली होती, तरी आनंदाने तिचं तोंड उघडंच राहिलं.

"बघितलंत? माझी अंडी!" आत्या म्हणाली. ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

पण निशाण खाली येईना.

"मेलितोन, आता काय अडलंय? रस्ता मोकळा आहे!"

"गाडी बंद करा," मेलितोन म्हणाला. "सकाळी घरी एक काम राहिलंय. बसा दोघं खाली."

निकानोरने आधी ओल्या मातीवरून अलगद हात फिरवला, एखादं मागे राहिलं नाही ना ते पाहिलं आणि मग गुडघे टेकले. मेलितोनने ते पाहिलं. कासिल्दा पांढऱ्या झग्यासकट चिखलात बसली. "अगं तो झगा!" आत्या किंचाळली, पण ऐकतंय कोण! बाबांच्या बोटांना झाडाच्या डिंकाचा वास येत होता. त्यांनी तिच्या कपाळावर क्रूस काढला, मग त्याच्या. तिला रडू आलं आणि ते तिने पुसलंही नाही.

"झालं! पाद्रीबाबा गेले असणार," आत्या म्हणाली.

निकानोरने खिशातून एक किल्ली काढली. "कसे जातील? त्यांच्या गाडीची आहे."

मेलितोन एवढा मोठ्यांदा हसला की डोंगर दुमदुमला. हसता हसता त्याने निशाण गुंडाळून काखेत मारलं, ड्रायव्हरला मागे पाठवलं आणि लेकीच्या शेजारी जाऊन बसला.

"चल, गाडी तू चालव, निकानोर," तो म्हणाला.